‘एक्स्टेंड’ : नेमका अर्थ काय आणि शब्द आला कुठून?

कानामात्रा

भाषांतराच्या कामात एक शब्द मला सारखा आडवा येतो, एक्स्टेंड. दिसायला अगदी साधा. ‘वाढवणे’ असा अर्थ पाठ केला की झालं, असं वाटतं. पण वाक्यं समोर आली की पंचाईत होते. डेडलाइन एक्स्टेंड झाली, तर मुदत वाढली. इथवर ठीक. हात एक्स्टेंड केला म्हणजे मात्र पुढे केला, वाढवला नाही. निमंत्रण एक्स्टेंड केलं म्हणजे दिलं. डोंगररांग समुद्रापर्यंत एक्स्टेंड होते, तिथे तर कोणी काही करतच नाही, ती नुसती पसरलेली असते. क्रेडिट एक्स्टेंड करणं म्हणजे उधारी देणं, आणि लोन एक्स्टेंड करणं म्हणजे फेडायला जास्त वेळ देणं.

परवा यंत्रानं केलेलं एक भाषांतर तपासायला आलं. त्यात ‘आम्ही आपणांस हार्दिक शुभेच्छा विस्तारित करतो’ असं वाक्य होतं. हसू आलं, पण यंत्राला दोष तरी काय द्यायचा? कोशात पहिला अर्थ तोच दिसतो.

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच काही आहे का? आणि शब्दाची व्युत्पत्ती काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_एक

धागा एक्स्टेंड होणार अशी चिन्हं आहेत. जागा धरून बसतो.

तळटीप

चांगला विषय. आधी व्युत्पत्ती सांगतो, कारण अर्थाची किल्ली तिच्यातच आहे.

लॅटिन क्रियापद ‘एक्स्तेन्देरे’. एक्स म्हणजे बाहेर, तेन्देरे म्हणजे ताणणे. दोन्ही मिळून बाहेरच्या दिशेनं ताणणे. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात रुळला. त्यामागे थेट लॅटिन आहे, तसंच जुन्या फ्रेंचमधलं ‘एस्तांद्र’ही आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण ‘वाढवणे’पासून सुरुवात करतो, म्हणून घोटाळा होतो. वाढवण्यात वस्तूत भर पडते. ताणण्यात वस्तू तीच राहते, फक्त अधिक दूर पोचते. रोमन लोक तेन्देरे कशाकशाला म्हणत ते पाहा: धनुष्य ओढणं, सापळ्याचं जाळं लावणं, छावणीसाठी तंबू ठोकणं, कोणापुढे हात पसरणं. या सगळ्यात एक टोक कुठेतरी घट्ट धरलेलं असतं आणि दुसरं टोक लांब नेलेलं असतं.

हे डोक्यात ठेवून तुमची वाक्यं परत वाचा. हात पुढे केला तेव्हा तो खांद्यापासून सुटला नाही आणि लांबही झाला नाही, समोरच्यापर्यंत पोचला. निमंत्रणही तसंच हातात धरून पुढे केलेलं असतं, घ्यायचं की नाही ते समोरचा ठरवेल. डोंगररांग समुद्रापर्यंत जाते ते दोरी पसरून ठेवावी तसं. मुदत एक्स्टेंड होते तेव्हाही नवी मुदत जन्माला येत नाही, जुन्याच मुदतीचं शेवटचं टोक ओढून पुढच्या तारखेला नेऊन बांधतात.

म्हणून माझ्या मते गाभ्याचा अर्थ असा: जे आहे तेच, धरलेलं टोक न सोडता, पुढे पोचवणं.

उगाच_एक

पहिल्याच प्रतिसादात निकाल? मग आम्ही काय करायचं?

खडूस पेन्सिल

निकाल कसला, इतकं सोपं नसतं. तळटीप, तुमची दोरी हातापायांना आणि डोंगरांना लागू पडते हे मान्य. फाइल एक्स्टेन्शनचं काय? टेलिफोनचं एक्स्टेन्शन? घराला मागे दोन खोल्या काढल्या की त्यालाही एक्स्टेन्शनच म्हणतात. तिथे काय ताणलं? चक्क भर घातली. म्हणजे ‘वाढवणे’ हा अर्थ पूर्ण हद्दपार करता येत नाही.

तळटीप

पेन्सिलराव, तिथे क्रियेचं नाव वस्तूला चिकटलंय. ताणण्याची क्रिया ते एक्स्टेन्शन, आणि ताणल्यामुळे जो वाढीव तुकडा तयार झाला तोही एक्स्टेन्शन. मराठीत नाही का, ‘बांधकाम चालू आहे’ आणि ‘हे बांधकाम पाडा’? पहिली क्रिया, दुसरी वस्तू.

पण त्या वस्तूतही धरलेलं टोक दिसतं. मागच्या दोन खोल्या मूळ घराला चिकटून असतील तरच एक्स्टेन्शन. अंगणात दहा पावलांवर सुट्या बांधल्या तर ती वेगळी इमारत झाली, मग ती कितीही छोटी असो. फाइलचं एक्स्टेन्शन नावाच्या पुढे टिंब देऊन जोडलेलं असतं, एकटं उभं राहत नाही. टेलिफोनचं एक्स्टेन्शनही मुख्य क्रमांकावरूनच निघतं.

आणखी एक कसोटी घ्या. इंग्रजी कायद्याच्या भाषेत भाडेपट्ट्याचं एक्स्टेन्शन आणि रिन्यूअल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक्स्टेन्शनमध्ये जुनाच करार पुढे चालतो. रिन्यूअलमध्ये जुना संपतो आणि नवा सुरू होतो, अटी मागच्याच असल्या तरी. तारीख उलटून गेल्यावर, दोरी एकदा सुटली की, ताणायला हातात काही उरतच नाही. हा भेद केवळ ‘वाढवणे’ धरून चाललात तर समजणार नाही.

खडूस पेन्सिल

भाडेपट्ट्याचं उदाहरण पटलं. बाकीच्यावर माझा हक्क राखून ठेवतो.

अर्धविराम

एक बाळबोध शंका. एक्स्टेंडमध्ये शेवटी डी, एक्स्टेंटमध्ये टी आणि एक्स्टेन्शनमध्ये मधेच एस. तिकडे अटेन्शन, इंटेन्शन यांत टी. माझे विद्यार्थी एक्स्टेन्शन हमखास टी घालून लिहितात, आणि त्यांना ‘असंच असतं’ यापलीकडे मला काही सांगता येत नाही. याला काही नियम?

तळटीप

शंका बाळबोध अजिबात नाही. नियम नाही, पण इतिहास आहे. तेन्देरे या क्रियापदाची भूतकाळवाचक धातुसाधितं लॅटिनमध्ये दोन होती, ‘तेन्तुस’ आणि ‘तेन्सुस’. दोन्हींचा अर्थ ताणलेला. लॅटिनमध्ये दोन्ही चालत, आणि इंग्रजीनं कधी एक उचललं, कधी दुसरं. एक्स्टेंट आलं पहिल्यावरून, एक्स्टेन्शन आणि एक्स्टेन्सिव्ह दुसऱ्यावरून. अटेन्शन आणि कंटेन्शन पहिल्याच्या घरातले. इंटेंडनं तर दोन्ही घेतली: टीवालं इंटेन्शन म्हणजे हेतू, आणि एसवालं इंटेन्स म्हणजे तीव्र, अगदी ताणून धरलेलं.

मुलांना इतकंच सांगा की टेन्शनमध्ये एस आहे ना, मग एक्स्टेन्शनमध्येही एस. टेन्शनचं स्पेलिंग सहसा कोणी चुकत नाही.

अर्धविराम

हे उद्याच सांगते वर्गात. खूप धन्यवाद!

रामप्रहर

सगळे लॅटिन-लॅटिन करताय, पण कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? तेन्देरे म्हणजे सरळसरळ आपला तन् धातू! ताण, ताणणे, तणाव. लॅटिननं संस्कृतातून उचललेला शब्द इंग्रजांनी लॅटिनमधून उचलला. म्हणजे एक्स्टेंड मूळचा आपलाच.

उगाच_एक

आला, आला. वाटच बघत होतो. (हलके घ्या, रामप्रहरकाका.)

जुना खोडरबर

रामप्रहर, नातं तुम्ही बरोबर ओळखलंत, फक्त पिढी चुकली. संस्कृत तन् आणि लॅटिन तेन्देरे यांच्यात आई-मुलीचं नातं नाही, त्या बहिणी आहेत. दोघींची आई त्याहून जुनी भाषा. तिचं लेखी काही शिल्लक नाही, लेकींवरून ती ताडून मांडावी लागते. तिच्यातला धातू ‘तेन्’ असा धरतात आणि तो लिहिताना त्याच्या आधी फुली मारतात. फुलीचा अर्थ, हे रूप प्रत्यक्ष कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, त्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम आता बहुधा उरलेला नाही, हे भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जाहीरपणे मांडलं. ‘उरलेला नाही’ हा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात.

उसनवारी नाही हे कशावरून? इंग्रजीतला ‘थिन’ पाहा, म्हणजे पातळ. तोही याच धातूचा, ताणून पातळ झालेला. संस्कृतात तनु म्हणजे पातळ, सडपातळ. पण इंग्रजीत त चा थ झालाय, आणि तो एकाच शब्दात नाही. त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट, तृण आणि थॉर्न. जर्मन गटातल्या भाषांत हा बदल ठरावीक पद्धतीनं झाला. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी 1822 साली तो नियम म्हणून मांडला. उसने शब्द असे शिस्तीत बदलत नाहीत. म्हणजे ‘थिन’ हा इंग्रजीचा घरचा शब्द, आणि ‘एक्स्टेंड’ बाहेरून आलेला. दोघं चुलत भाऊ, एकाच भाषेत वेगवेगळ्या दारांनी शिरलेले.

आता आपल्याकडचं गोत. संस्कृत धातूंचे जे गण म्हणजे गट पाडलेत, त्यांतल्या आठव्या गणाचं नावच तनादि, कारण त्याचा पहिला धातू तन्. तनोति म्हणजे ताणतो, पसरवतो. त्यावरून तंतू. त्यावरून तंत्र, ज्याचा जुना अर्थ माग किंवा मागावरचे उभे धागे. रचना, पद्धत, शास्त्र हे अर्थ त्यातून पुढे आले आणि तंत्रज्ञान हा तर अगदी अलीकडचा. मराठीत मागाचा ताणा-बाणा आहेच. वितान म्हणजे वर ताणलेलं छत. इंग्रजीतला टेंट तेन्देरेवरूनच, म्हणजे शब्द सख्खे आणि वस्तूही तीच. संतान, संतती म्हणजे न तुटता पुढे ताणलेली परंपरा. तनय, तनया याच कुळातले. सतत हासुद्धा सम् अधिक तत, सलग ताणलेला. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. त्यातला तत म्हणजे तारांची वाद्यं, कारण तारा ताणलेल्या. गवयाची तानही इथलीच.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, आततायी.

उगाच_एक

आततायी??? त्याचा दोरीशी काय संबंध?

जुना खोडरबर

दोरीशीच तर संबंध. आतत म्हणजे ताणलेलं, इथे ताणलेलं धनुष्य. धनुष्य ओढून चालून येतो तो आततायी. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘पापमेवाश्रयेदस्मान् हत्वैतानाततायिनः’. समोर शब्दशः धनुष्यं ताणलेले लोक उभे आहेत, तिथे हा शब्द कसा बसलाय बघा. पुढे आग लावणारा, विष घालणारा, जमीन किंवा बायको पळवणारा अशा सगळ्यांना तो लागू झाला. आज आपण वर्तमानपत्रात ‘आततायी पाऊल’ वाचतो तेव्हा धनुष्य कोणाला दिसत नाही, उतावीळपणा तेवढा दिसतो.

वाचनमात्र

दंडवत घ्या. वाचतोय.

वैद्यबुवा

आमच्या शास्त्रात या धातूनं धुमाकूळ घातलाय, म्हणून न राहवून लिहितो. कोपर सरळ करणारा स्नायू एक्स्टेन्सर, वाकवणारा फ्लेक्सर. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी ती टेंडन. पोटातल्या अवयवांवर ताणून बसवल्यासारखा पातळ पडदा असतो तो पेरिटोनियम, ग्रीकमध्ये ‘भोवती ताणलेला’. आणि टेटॅनस. ग्रीक ‘तेतानोस’ म्हणजे ताठरलेला, ताणलेला. आपला शब्द धनुर्वात, कारण आचके येताना रुग्णाची पाठ मागे कमानीसारखी वळते, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या राहतात. ज्यानं एकदा पाहिलंय तो विसरत नाही. ग्रीकांनी ताण पाहिला, आपल्या वैद्यांनी धनुष्य पाहिलं. खोडरबर यांच्या आततायीपासून फार लांब नाही हे.

आणखी एक. ग्रीकमध्ये ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘तेइनेइन’ म्हणजे ताणणे. त्यांचं नाम ‘एक्तासिस’. म्हणजे एक्स्टेन्शनचा तंतोतंत ग्रीक जोडीदार. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात त्या आजाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात, त्याच्या शेपटात हाच शब्द आहे.

रक्तदाबाचं हायपरटेन्शन सगळ्यांना माहीत. गंमत म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका’ आणि ‘ताण घेऊ नका’ ही दोन्ही वाक्यं मी दिवसभर बोलतो, एकाच धातूची, एक पश्चिमेकडून फिरून आलेलं.

गणिती गोगलगाय

काटकोन त्रिकोणाच्या कर्णाला इंग्रजीत हायपोटेन्यूज का म्हणतात हे आज कळलं! हायपो म्हणजे खाली आणि तेच ग्रीक ताणणे. काटकोनाच्या खाली, समोर ताणलेली बाजू. म्हणजे हायपोटेन्शन आणि हायपोटेन्यूज यांचे तुकडे तेच, एक डॉक्टरकडे गेला आणि एक आमच्याकडे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं तर जड पदार्थाची व्याख्याच एक्स्टेन्शन अशी केली. मनाचं लक्षण विचार करणं, जडाचं लक्षण जागा व्यापणं. तिथे मात्र मराठीत ‘विस्तार’ लिहायला हरकत नसावी.

जुना खोडरबर

हरकत नाही, पण विस्तार वेगळ्या धातूचा आहे हे लक्षात असू द्या. विस्तार, प्रस्तर हे स्तृ धातूचे, म्हणजे अंथरणे, पसरणे. त्याची लॅटिन बहीण ‘स्तेर्नेरे’, आणि तिच्यावरून अंथरलेला, फरसबंद रस्ता म्हणजे स्ट्रीट. चादर अंथरली की ती चहूकडे पसरते. दोरी ताणली की एकाच दिशेला जाते. देकार्तला चहूकडचं हवं होतं, म्हणून विस्तार शोभतो. शुभेच्छांना शोभत नाही, कारण त्या कोणाकडे तरी जायच्या असतात.

खडूस पेन्सिल

आता माझा राखून ठेवलेला हक्क वापरतो. सगळं सुरळीत दोरीवर वाळत घातलंत, पण या शब्दाचा इंग्रजीतला एक फार जुना अर्थ तुमच्या दोरीवर बसत नाही. जमिनीची किंमत ठरवणे! मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात एक्स्टेंड करणं म्हणजे जमीनजुमल्याचं मूल्यांकन करणं, आणि एक्स्टेंट म्हणजे ते मूल्यांकन. जहागिरीत जमीन किती, कुळं कोण, खंड किती, वर्षाचं उत्पन्न किती याची लेखी मोजदाद. पुढे कर्जबुडव्याच्या जमिनीवर ‘रिट ऑफ एक्स्टेंट’ निघायची. शेरीफ जाऊन मूल्यांकन करायचा आणि मालमत्ता ताब्यात घ्यायचा. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये ड्यूक फ्रेडरिक ऑलिव्हरला हाकलताना नोकरांना हुकूम देतो, त्याच्या घरादारावर एक्स्टेंट करा. आजचा वाचक इथे अडखळतो. त्याला वाटतं घर वाढवायला सांगतोय की काय! प्रत्यक्षात जप्ती आहे. सरकारी येण्यासाठीची ही रिट ब्रिटनमध्ये थेट 1947 च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्यानं बंद झाली.

बोला आता. कुठे आहे ताण?

तळटीप

भारी उदाहरण, पेन्सिलराव. मला वाटतं ताण आहे, पण तो मोजणाऱ्याच्या हातात आहे. जमीन कुठून कुठवर पोचते हे पाहायचं, म्हणजे तिचा एक्स्टेंट, आणि त्यावरून तिचं मोल. पसाऱ्यावरून मोलाकडे सरकलेला अर्थ. आजही ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ म्हणजे ‘कितपत’ विचारताना आपण मोजमापच मागत असतो. पण इथे शब्द मूळ चित्रापासून बराच दूर आलाय हे खरं.

उगाच_एक

जप्ती आली त्या माणसाला ताण आलाच असणार. हाय काय, नाय काय!

रामप्रहर

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, यावर वाद नको. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्याच्या बोटांपर्यंत जे अंतर, ते आपलं वाव. विहिरीची, समुद्राची खोली वावांत मोजत. संस्कृतात व्याम. इंग्रजी फॅदम हे तेच माप, सहा फूट, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही पसरलेले हात, कवेत घेणं. फ्रेंचांचं जुनं माप त्वाज, तेही सहा फ्रेंच फुटांचं, आणि ते लॅटिन ‘तेन्सा’वरून, म्हणजे ताणलेले हात. आता हे एक्स्टेन्शन झालं की नाही?

शिवाय ताणायला संस्कृतात दुसरा धातूही आहे, आ लावलेला यम्. त्यावरून आयाम. त्याला वि लावला की व्यायाम, म्हणजे हातपाय ताणणं. आणि प्राणायाम म्हणजे प्राणाचा आयाम. लोक नुसतं श्वास कोंडणं समजतात, शब्दात लांबवणंही आहे.

वैद्यबुवा

+१. प्राणायामाचा हा अर्थ रुग्णांना सांगितला तर निम्मे लोक नाक दाबून धरायचे थांबतील.

अर्धविराम

पुन्हा एक शंका. लांब आणि लाँग हे पण असेच चुलत भाऊ का? कानाला तर अगदी सारखे लागतात.

जुना खोडरबर

नाही. कानावर विश्वास ठेवू नये तो असा. लांब आला लम्ब् धातूवरून, म्हणजे लोंबणे. जे खाली लोंबतं ते लांब. लंबक, विलंब, अवलंबून, सगळे लोंबकळणारे. लाँगचा त्याच्याशी काही संबंध नाही. मात्र ‘अवलंबून असणे’ आणि इंग्रजी ‘डिपेंड’ यांची कल्पना हुबेहूब एक आहे. डिपेंडमध्येही लॅटिन लोंबणेच आहे. धातू वेगळे, चित्र एक. असंही होतं.

कानामात्रा

धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तळटीप यांची दोरी मी कालच कामाला लावली. ‘एक्स्टेंड’ दिसलं की आधी स्वतःला विचारायचं, धरलेलं टोक कुठलं आणि पोचायचंय कुठे? पोचायला माणूस असेल तर देणे, पुढे करणे, कळवणे. जागा असेल तर पसरणे, जाऊन भिडणे. तारीख असेल तर मुदतवाढ. ‘विस्तारित’ आता दहातून एखाद्या वेळीच लागतं. फक्त खेळाच्या वर्णनात ‘ही वॉज नेव्हर एक्स्टेंडेड’ असं आलं तिथे अडले होते. मग ‘त्याचा कस लागलाच नाही’ असं केलं. चालेल ना?

आता शेजारपाजारचे शब्द कोणी सोडवेल का? प्रोलाँग, प्रोट्रॅक्ट, एक्स्पांड.

खडूस पेन्सिल

‘कस लागला नाही’ उत्तम. घोडा पूर्ण ताणून धावला नाही, जॉकीला गरजच पडली नाही, तसा अर्थ आहे तो.

एक्स्पांड चटकन संपवतो: ‘पान्देरे’ म्हणजे पसरणे, उलगडणे, म्हणजे चादरीच्या गटातला. प्रोलाँग म्हणजे पुढे लांब करणे, आणि तो जवळजवळ नेहमी काळाला लागतो. प्रोट्रॅक्टमध्ये ओढणे आहे, फरफटवणे. म्हणून प्रोट्रॅक्टेड खटला म्हटलं की रखडल्याची तक्रार त्यात आपोआप येते, एक्स्टेंडेडमध्ये येत नाही.

पण खरी मजा प्रोरोगमध्ये. लॅटिन ‘प्रोरोगारे’चा अर्थ मुदत वाढवणे. रोममध्ये वर्ष संपलं की सेनापतीचा अधिकार संपायचा. इसवी सनपूर्व 326 मध्ये नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नेपल्सचा, वेढा अर्धवट असताना क्विन्तुस पुब्लिलियुस फिलोची मुदत संपत आली, तेव्हा त्याचा अधिकार लढाई संपेपर्यंत पुढे चालू ठेवला. याला म्हणत प्रोरोगातिओ. आणि तोच शब्द आज संसदेत कशासाठी वापरतात? अधिवेशनाची सत्रसमाप्ती! बैठक पुढच्या सत्रापर्यंत ‘पुढे नेली’, म्हणजे आज बंद केली. 2019 साली ब्रिटनमध्ये यावरूनच रण पेटलं आणि 24 सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते प्रोरोगेशन बेकायदा ठरवलं. वाढवण्याच्या शब्दानं सभागृहाला कुलूप लावायचं, ही करामत शब्दच करू जाणे.

शिकस्ता

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण ‘मुदतवाढ’ दिसला आणि राहवेना. या शब्दात एक्स्टेंड दोनदा आहे.

मुदत हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ धातू मीम-दाल-दाल, अर्थ ताणणे, लांब पसरवणे. मुद्दत म्हणजे काळाचा ताणलेला पट्टा. अरबी लिपीत स्वर लांब उच्चारायचा असेल तर अक्षरावर जी नागमोडी रेघ देतात, तीही याच धातूची, मद्द. आणि भरती-ओहोटीतल्या भरतीलाही अरबीत मद्दच म्हणतात, पाणी किनाऱ्यावर लांब पसरतं म्हणून.

आता ऐका. मदत हाही त्याच धातूचा. मदद म्हणजे पुढे पोचवलेली कुमक. तळटीप सांगत होते ना की हात पुढे करणं आणि मुदत पुढे नेणं यांमागे लॅटिनला एकच क्रिया दिसली? अरबीलाही तीच दिसली. आणि अरबी ही संस्कृत-लॅटिनच्या घराण्यातली नाही, सामी घराण्यातली आहे, तेव्हा इथे नात्यागोत्याचा प्रश्नच येत नाही.

तळटीप

शिकस्ता, हा प्रतिसाद इतके दिवस कुठे दडवून ठेवला होता? माझ्या मुद्द्याला इतका पक्का साक्षीदार मला मिळाला नसता. चुलत भावांची साक्ष कोर्टात कमजोर धरतात, परक्याची चालते.

खडूस पेन्सिल

मान्य. लिहून घ्या, परत म्हणणार नाही.

उगाच_एक

माझीही एक शंका, या वेळी खरीखुरी. कामाची निविदा निघते ते टेंडर. वाफेच्या इंजिनामागे कोळसा-पाण्याचा डबा जोडतात तोही टेंडर. कोवळं, नाजूक तेही टेंडर. सगळे आपल्या तेन्देरेचे का?

तळटीप

तिघे तीन वाटांनी आलेत. निविदावालं टेंडर फ्रेंच ‘तांद्र’वरून, पुढे करणे, थेट तेन्देरे. माझी किंमत ही घ्या, असं म्हणून धरलेला कागद. इंजिनाचा टेंडर हा अटेंडरचा तोंडातला अ गळालेला अवतार. अटेंड म्हणजे कोणाकडे मन ताणणं, लक्ष देणं, म्हणून हाताशी राहून सेवा करणं. मोठ्या जहाजाला सामान पुरवणाऱ्या छोट्या बोटीलाही याच कारणानं टेंडर म्हणतात. कोवळं टेंडर मात्र लॅटिन ‘तेनेर’वरून आलं. तेही त्याच जुन्या तेन् धातूशी जोडतात, ताणून पातळ, नाजूक झालेलं, म्हणजे खोडरबर यांच्या तनु आणि थिनच्या पंगतीतलं.

आणि लीगल टेंडर यातल्या पहिल्याचा. ऋणकोनं फेडीसाठी धनकोसमोर रीतसर धरलेले पैसे. ते घ्यायचे की नाही हा त्याचा प्रश्न, पण समोर धरले होते एवढं सिद्ध झालं की ‘यानं देऊच केले नाहीत’ असं धनकोला म्हणता येत नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. शिकस्ता, त्या मीम-दाल-दालवर वेगळा धागा काढा की.